३.१४ मोठा की ३.५? दशांश अपूर्णांक मुलांना नेमका कुठे अडतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी सहावीत, मराठी माध्यमात आहे. दशांश अपूर्णांकांच्या बेरजा-वजाबाक्या चिन्हाखाली चिन्ह मांडून बिनचूक करते. पण ३.१४ आणि ३.५ यांत मोठी संख्या कोणती विचारलं, की ३.१४ सांगते. ०.५ आणि ०.०५ यांत गोंधळते. गुणाकारात चिन्ह कुठे द्यायचं ते कधी जमतं, कधी नाही. शिकवणीच्या ताई म्हणतात, लक्ष कमी पडतं, सराव वाढवा. आणि तुम्हाला हवंय ते असं की घरी नेमकं काय करून घ्यायचं.

पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित शिकवतेय त्याला आता सव्वीस वर्षं झाली. ३.१४ ला मोठं म्हणणारी मुलं मला दर वर्षी भेटतात, आणि त्यांत चांगली हुशार मुलंही असतात. म्हणून आधी सांगते, सराव इतक्यात वाढवू नका. तुमच्या मुलीचं लक्ष आहे. तिच्या उत्तरामागे एक कारण आहे, आणि ते कारण तिला आपणच, म्हणजे मोठ्या माणसांनी, दिलेलं आहे.

आज संध्याकाळी तिला एवढंच विचारा, "३.१४ मोठा का वाटतो गं?" चूक काढायच्या आवाजात विचारू नका, खरंच जाणून घ्यायचंय अशा आवाजात विचारा. बहुतेक ती म्हणेल, "पाचापेक्षा चौदा मोठे ना." झालं, दुखणं सापडलं. तिला ३.१४ ही एक संख्या दिसतच नाही, दोन संख्या दिसतात. ठिपक्याच्या अलीकडे तीन, पलीकडे चौदा, आणि ठिपका म्हणजे मधलं कुंपण. बेरीज करताना चिन्हाखाली चिन्ह मांडलं की रीतच उत्तर काढून देते, म्हणून ही समजूत वहीत कधी उघडी पडत नाही. सरावाच्या पुस्तकात ०.३ आणि ०.४५ अशी जोडी आली, तर ती ०.४५ मोठा म्हणणार आणि बरोबरची खूण मिळवणार. कारण मात्र तेच, पंचेचाळीस तिनापेक्षा मोठे. अशा सरावात निम्मी उत्तरं चुकीच्या कारणानं बरोबर येतात, आणि पालकांना वाटतं की कधी लक्ष असतं, कधी नसतं.

काही मुलांचं याच्या बरोबर उलटं असतं, तेही तपासून घ्या. ती म्हणतात, ०.३ मोठा, कारण शतांश हे दशांशापेक्षा लहान, मग शतांशातली संख्या लहानच असणार. ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. एक शतांश एका दशांशापेक्षा लहान हे खरंच आहे, पण पंचेचाळीस शतांश मिळून किती झाले ते राहून जातं. म्हणून दोन जोड्या एकत्र विचाराव्या: ३.१४ आणि ३.५, मग ०.३ आणि ०.४५. पहिली चुकली आणि दुसरी बरोबर आली, तर ती ठिपक्यापुढचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचतेय. पहिली बरोबर आणि दुसरी चुकली, तर दुसरी समजूत. दोघांचा इलाज एकच असला, तरी बोलणं वेगळं करावं लागतं.

आता ही समजूत येते कुठून ते बघू. घरात कान देऊन ऐका. आपण ३.१४ ला 'तीन पॉइंट चौदा' म्हणतो. 'चौदा' हा शब्द कानावर पडला की मुलाच्या डोक्यात एक दशक आणि चार एकक उभे राहणारच, पहिलीपासून आपण तेच पक्कं करून घेतलंय.

मग रुपये-पैसे. माझ्या पिढीला दशांश शिकवला तो पैशांतून, आणि तेव्हा ते चाललं, कारण पाच पैशांचं नाणं आणि पन्नास पैशांचं नाणं दोन्ही हातात असायची. ३० जून २०११पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. पन्नास पैशांचं नाणं कायद्यानं चालतं, पण दुकानात कोण घेतं? तुमच्या मुलीनं पैसा हातात घेतलेलाच नाही. तिला 'तीन रुपये पाच पैसे' लिहायला सांगितलं, तर ती ३.५ लिहील, आणि तसं लिहिण्यात तिला काही वावगं वाटणार नाही. दोन वेगळ्या वस्तू, मध्ये ठिपका. पुस्तकांत अजून रुपये-पैशांची उदाहरणं असतात. ती सोडवू द्या, पण दशांशाची पहिली ओळख त्यांतून करून देऊ नका.

त्याहून फसवा ठिपका आहे क्रिकेटचा. टीव्हीवर '१२.३ षटकं' दिसतं, म्हणजे बारा षटकं आणि तीन चेंडू. षटकात चेंडू सहा, त्यामुळे १२.५ नंतर थेट १३ येतं. १२.३ षटकं म्हणजे खरं तर साडेबारा षटकं. शंभर धावा झाल्या असतील, तर धावगती १०० भागिले १२.५, म्हणजे बरोबर ८. घरी कुणी १०० ला १२.३ नं भागलं, तर ८.१३ येईल आणि पडद्यावरच्या आकड्याशी जुळणार नाही. सातवीच्या वर्गात मी हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. ज्या मुलाला गणिताचा कंटाळा असतो, तोच उभा राहून सांगतो की बाई, इथे ठिपक्यानंतर पाचापर्यंतच मोजतात. त्याला तिथे दशांश चिन्ह नसून नुसती खूण आहे, हे त्याच्याच तोंडून कळतं.

उंचीचंही तसंच. '५.१० फूट' लिहिणाऱ्याला पाच फूट दहा इंच म्हणायचं असतं. फुटाचे बारा इंच, म्हणून दशांशात ती उंची सुमारे ५.८३ फूट होते. आणि गावाकडे जमिनीचं. 'सव्वा एकर' म्हणजे एक एकर दहा गुंठे, आणि ते कागदावर १.१० असं लिहिलेलं मी किती तरी वेळा पाहिलंय. एकराचे गुंठे चाळीस, तेव्हा दहा गुंठे म्हणजे पाव एकर, आणि दशांशात क्षेत्र १.२५ एकर. दर एकरावर ठरला असेल आणि हिशेब १.१० नं केला, तर सहा गुंठ्यांचे पैसे बुडतात. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं असतं, उदाहरणार्थ ०.४०.५०. तिथे दोन ठिपके असले, तरी शंभर चौरस मीटरचा एक आर आणि शंभर आरांचा एक हेक्टर, त्यामुळे ते थेट ०.४०५० हेक्टर म्हणून वाचता येतं. घरात सातबारा असेल, तर मुलीसमोर ठेवा. चाळीसच्या गुंठ्यात जे जमत नाही ते शंभरच्या आरात का जमतं, एवढा एक प्रश्न तिच्यापुढे टाका आणि तिला वेळ द्या.

सभोवती इतके ठिपके असताना ठिपका म्हणजे कुंपण असं मुलानं धरून चालणं अगदी साहजिक आहे.

आणखी एक अडचण खास आपल्या शब्दांची आहे. 'दशांश' हा शब्द आपण तीन कामांना वापरतो. दशांश म्हणजे दहावा भाग. दशांश अपूर्णांक म्हणजे ही सगळी जात, मग तिच्यात शतांश येवोत की सहस्रांश. आणि दशांश चिन्ह म्हणजे ठिपका, जो बोलताना आपण आखडून नुसता 'दशांश' करतो. 'तीन दशांश पाच' असं कुणी म्हटलं, तर मुलानं काय ऐकायचं? त्याला ऐकू येतात तीन दहावे भाग, आणि पुढे पाच कसले तरी. त्यात दशक आणि दशांश, शतक आणि शतांश हे शब्द कानाला जुळे. घाईत ऐकणारं मूल दोन्ही एकच धरतं. म्हणून घरात एक शिस्त पाळा: ठिपक्याला 'चिन्ह' किंवा 'पॉइंट' म्हणा, आणि 'दशांश' हा शब्द फक्त दहाव्या भागासाठी राखून ठेवा.

आता करायचं काय ते सांगते.

पहिले आठ दिवस गणितं नाहीत, फक्त वाचन. रोज दहा संख्या, आणि प्रत्येक आकडा त्याच्या घराच्या नावासकट. ३.१४ म्हणजे तीन पूर्णांक, एक दशांश, चार शतांश. ३.५ म्हणजे तीन पूर्णांक, पाच दशांश. हे दोन्ही मोठ्यानं म्हटलं की बऱ्याच मुलांना तिथल्या तिथे थांबावंसं वाटतं: एक दशांश, पाच दशांश. मग आपण काही बोलायचं नाही. ती स्वतःच चाचरत म्हणेल, "अगं, मग ३.५ मोठा?" त्या वेळी लगेच शाबासकीही देऊ नका, "कशावरून?" विचारा. तिनं कारण सांगितलं की तो विचार तिचा होतो.

लिहितानाही सुरुवातीला आकड्यांच्या डोक्यावर घराचं अक्षर लिहू द्या: ए, द, श, स. दशकाच्या 'द'शी घोटाळा नको म्हणून दशांशाच्या 'द'ला वर्तुळ करायचं. यात कमीपणा काही नाही. युरोपात दशांश अपूर्णांकांचा प्रसार केला तो सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञानं, १५८५मधल्या एका छोट्या पुस्तिकेतून, आणि तोसुद्धा तसंच लिहायचा. पूर्णांकापुढे वर्तुळात शून्य, दशांशापुढे वर्तुळात एक, शतांशापुढे वर्तुळात दोन. प्रत्येक आकडा आपलं घर सोबत घेऊन हिंडायचा. ते लिहायला किचकट होतं, म्हणून पुढे एका ठिपक्यावर निभावू लागलं. पण शिकणाऱ्या मुलाला थेट त्या ठिपक्यावर नेऊन सोडणं मला घाईचं वाटतं. महिनाभर अक्षरं लिहू द्या, ती आपोआप गळतात.

दुसरं, आलेख कागद. दहावीच्या मुलांकडे असतो तो, सेंटिमीटरच्या ठळक रेघा आणि मिलिमीटरच्या बारीक. त्यातून दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरचा चौरस कापा आणि तिला सांगा, हा एक. पूर्ण एक. एवढं एकदा ठरलं की बाकी सगळं कागदच दाखवतो. एक सेंटिमीटर रुंदीची उभी पट्टी घेतली, तर अशा दहा पट्ट्या मावतात, म्हणजे पट्टी हा दशांश. पट्टीत दहा ठळक चौकोन, म्हणजे चौकोन हा शतांश. चौकोनात मिलिमीटर रुंदीच्या दहा बारीक काड्या, म्हणजे एक काडी हा सहस्रांश.

आता तिला ०.५ रंगवू द्या. पाच पट्ट्या, अर्धा कागद भरला. दुसऱ्या कागदावर ०.०५. पाच चौकोन, कोपऱ्यात जेमतेम. तिसऱ्यावर ०.००५. एका चौकोनाचा अर्धा भाग, पेन्सिलीचं टोक केल्याशिवाय रंगवता येत नाही. तीन कागद शेजारी शेजारी ठेवा आणि आठवडाभर भिंतीवर राहू द्या. ०.५ आणि ०.०५ यांचा गोंधळ त्यानंतर उरलेला मी क्वचितच पाहिला. ०.१४ रंगवला तर एक पट्टी आणि चार चौकोन, म्हणजे मोजून चौदा चौकोन. 'चौदा' हा शब्द चुकीचा नव्हता, ते चौदा कशाचे तेवढं सांगायचं राहिलं होतं. आणि ०.५ मध्ये चौकोन मोजले, तर पन्नास. यावरून ०.५ आणि ०.५० एकच हेही वेगळं शिकवावं लागत नाही. पाच पट्ट्या म्हणा की पन्नास चौकोन, रंग तेवढाच.

शून्यांबद्दल दोन शब्द, कारण इथे नियम पाठ करण्याकडे मुलांचा कल असतो. 'दशांश चिन्हानंतरच्या शून्याला किंमत नसते' हा नियम मी वर्गात कुणाला म्हणू देत नाही. ०.५० मधलं शून्य काढलं तर संख्या बदलत नाही, आणि ०.०५ मधलं काढलं तर दहापट होते. दोन्ही शून्यं चिन्हानंतरचीच. पहिलं सांगतं की सुटे शतांश काही नाहीत, आणि ते आधीच ठाऊक होतं. दुसरं दशांशाचं घर अडवून धरतं, म्हणून पाच शतांशाच्या घरात राहतो. आणि चिन्हाआधी पूर्णांक नसेल, तर शून्य लिहायचंच, .५ न लिहिता ०.५. दवाखान्यातल्या नोंदींत याबद्दल कडक सूचना असतात, कारण .५ मधला ठिपका पुसट झाला तर पाच वाचलं जातं आणि औषध दहापट जातं. त्याच कारणानं तिथे ५ मिलीसाठी ५.० लिहू नये असं सांगतात, ठिपका दिसला नाही तर पन्नास. घरी बाळाच्या औषधाचा ड्रॉपर असेल, तर त्यावरच्या ०.५ आणि १ च्या खुणा तिला दाखवा.

मुलं एक सुंदर प्रश्न विचारतात, तुमची मुलगीही विचारेल. डावीकडे एकक, दशक, शतक. मग उजवीकडे सुरुवात दशांशापासून का, एकांश कुठे गेला? हा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. उत्तर असं की मध्यावर ठिपका नाहीच, मध्यावर एकक आहे. एककाच्या डावीकडच्या शेजारी दशक, उजवीकडच्या शेजारी दशांश. त्यापुढे डावीकडे शतक, उजवीकडे शतांश. ठिपका फक्त एककाचं घर कुठलं ते दाखवतो. 'स्थानात् स्थानं दशगुणं' असं आर्यभटानं सांगून ठेवलंय, एका स्थानावरून पुढच्या स्थानी गेलं की दसपट. तीच वाट उलटी चाललं की प्रत्येक पावलाला दहावा भाग. एककापाशी येऊन थांबायचं काही कारण नाही, चालत राहिलं की दशांश लागतो, मग शतांश. तिला एक लांब पट्टी आखून द्या, मध्ये एकक ठळक, आणि दोन्हीकडे तिला स्वतःला नावं लिहू द्या.

तीच पट्टी गुणाकाराला कामी येते. '१० नं गुणताना चिन्ह एक घर उजवीकडे सरकवा' असं शिकवतात. उत्तर बरोबर येतं, पण मला ही भाषा खटकते. चिन्ह सरकत नाही, आकडे सरकतात. २.५ ला १० नं गुणलं, तर दोन एककांचे दोन दशक झाले आणि पाच दशांशांचे पाच एकक झाले, म्हणून २५. आकड्यांच्या चिठ्ठ्या करून पट्टीवर एकेक घर डावीकडे सरकवू द्या, ठिपका जागेवर राहील. हे केलं नाही, तर तिसरीत शिकलेला 'दहानं गुणलं की शून्य द्या' हा नियम डोकं वर काढतो आणि मुलं २.५ गुणिले १० बरोबर २.५० लिहितात. सहावीच्या वह्यांत ही चूक मला हमखास सापडते.

आता गुणाकारात चिन्ह कुठे द्यायचं. दोन्ही संख्यांतली घरं मोजा आणि उत्तरात तेवढी सोडा, हा नियम ठीक आहे, पण तो का चालतो ते दाखवायला पाच मिनिटं लागतात. तोच आलेख कागद घ्या. ०.३ गुणिले ०.४ साठी तीन उभ्या पट्ट्या पिवळ्या करा, मग चार आडव्या पट्ट्या निळ्या रेघांनी भरा. दोन्ही रंग जिथे एकावर एक आले ते चौकोन मोजा. बारा. चौकोन म्हणजे शतांश, म्हणून ०.१२. दशांशाचा दशांश घेतला की शतांश मिळतो, म्हणून दोन घरं. ०.१ गुणिले ०.१ मुलं ०.१ सांगतात, त्यांना एक उभी आणि एक आडवी पट्टी रंगवायला लावायची. एकच चौकोन दोन्ही रंगांचा होतो.

इथे तिला एक धक्का बसेल, तो बसू द्या. उत्तर ०.१२ हे ०.३ पेक्षाही लहान आणि ०.४ पेक्षाही लहान. दुसरीपासून तिनं पाहिलंय की गुणलं की वाढतं आणि भागलं की कमी होतं. ती समजूत मोडायला वेळ लागतो, आणि शाब्दिक उदाहरणांत ती फार नडते. वर्गात मी विचारते, टोमॅटो चाळीस रुपये किलो, पाऊण किलोचे किती? क्षणात 'तीस' येतं. मग तेच फळ्यावर लिहिते: दर ४० रुपये, वजन ०.७५ किलो, किंमत काढा. निम्मी मुलं ४० ला ०.७५ नं भागायला निघतात. का, विचारलं तर सांगतात, एक किलोपेक्षा कमी आहे ना, उत्तर चाळीसपेक्षा लहान यायला हवं, म्हणून भागाकार. आणि भागून ५३.३३ आलं तरी ते कागदावर तसंच ठेवतात. 'पाऊण' म्हटल्यावर जे डोक्यात आपोआप झालं ते ०.७५ पाहिल्यावर बंद पडलं, कारण दोन्ही एकच आहे हे कधी जोडलंच गेलं नाही.

हे जोडायची जागा म्हणजे वाण्याचा इलेक्ट्रॉनिक काटा. त्यावर किलो असतात आणि चिन्हापुढे तीन घरं. तिला दुकानात न्या आणि पाव किलो शेंगदाणे घेताना काट्याकडे बघायला सांगा: ०.२५०. अर्धा किलो: ०.५००. पाऊण: ०.७५०. सव्वा: १.२५०. दीड, पावणेदोन, अडीच तिला घरी लिहून बघू द्या. पन्नास ग्रॅम जिरे घेतले की ०.०५० येतं आणि ०.५०० शी त्याची गाठ घालून देता येते. आपल्या आजी-आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अगदी साडेतीनाची औटकीसुद्धा पाठ केली होती. ती पाढ्यांची वही गेली, पण ते शब्द अजून आपल्या तोंडी आहेत आणि मुलांना त्यांचा अर्थ नीट कळतो. पावाचा अर्थ कळणाऱ्या मुलाला ०.२५ कळत नाही, हे मला सोसत नाही. आधी शब्द, मग काटा, मग वही, या क्रमानं जा.

दूध डेअरीला घालणारं घर असेल, तर फॅटची पावतीही चांगली. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून सांगतात, आणि '३.५ चा ३.४ लागला, एक पॉइंट गेला' असं शेतकरी बोलतो. तो 'पॉइंट' म्हणजे एक दशांश. शाळेत दशांशाला अडखळणारी मुलं घरी पावती वाचताना कुठल्याही पुस्तकापेक्षा सहज सांगतात की ३.९ नंतर ४.० येतं. मुलांना ३.९ च्या पुढे मोजायला सांगितलं की ३.१० म्हणणारी बरीच निघतात. डेअरीवाल्या घरातलं मूल ३.१० म्हणताना मी ऐकलेलं नाही.

भागाकाराचं फार लांबवत नाही. सहा लिटर दूध आणि पाव लिटरचे पेले, किती भरतील? चोवीस. ६ भागिले ०.२५ बरोबर २४, उत्तर वाढलं. भाजक दशांशात असला की दोघांना दहानं किंवा शंभरानं गुणून घ्यायचं, ७.२ भागिले ०.९ म्हणजेच ७२ भागिले ९, एवढं पुरतं. सहावीत त्याहून जास्त ओझं नको.

आजोबा घरी असतील, तर त्यांना एक विषय काढून द्या. १ एप्रिल १९५७पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, त्याआधी सोळा आणे असत. एक आणा म्हणजे बरोबर ६.२५ नवे पैसे. पण सव्वासहा पैसे देणार कसे? म्हणून एका आण्याचे सहा धरले जात आणि तीन आण्यांचे १८.७५ ऐवजी एकोणीस. चार आण्यांना पंचवीस बरोबर जुळायचे, म्हणून 'चार आणे, आठ आणे' हे शब्द टिकले. सोळा भागांचा हिशेब शंभरात बसवताना चिन्हापुढे दोन घरं का लागली, आणि रुपयाच्या तिसऱ्या भागाला कितीही घरं का पुरत नाहीत, हे तिला आठवीत कळेल. आजोबांकडून आत्ता ऐकलेलं तेव्हा आठवेल.

किती दिवस लागतील असं तुम्ही विचाराल. रोज वीस मिनिटं धरली, तर वाचनाचे आठ दिवस, कागदाचे आठ-दहा, काट्याचे आणि गुणाकाराचे तेवढेच. महिन्याभरात तिला एक शेवटचा प्रश्न द्या: ३.४ आणि ३.५ यांच्या मधली एक संख्या सांग. आज ती बहुतेक म्हणेल, मध्ये काहीच नाही, चारानंतर पाचच येतात. महिन्यानं ती ३.४५ म्हणेल. तेव्हा विचारा, ३.४१ आणि ३.४२ च्या मध्ये? माझ्या वर्गात या प्रश्नाला थोडा वेळ शांतता असते. मग कुणीतरी आलेख कागद पुढे ओढतं, एका सेंटिमीटरच्या चौकोनातल्या बारीक काड्या बोटानं मोजतं, आणि फळ्यापाशी येऊन ३.४१५ लिहितं. तुमच्या मुलीनं तो लिहिला, की तिला विचारा, आता ३.४१ आणि ३.४१५ च्या मध्ये? आणि कागद तिच्या हातातच राहू द्या.